जुनें यंत्र आणि नवा पडदा

घरांत नवी वस्तु आली कीं तिच्या पाठोपाठ एक अडचणीचा प्रश्न येतो: जुनीचें काय करावयाचें? न्हाणीघरांत गीझर आला तेव्हां आमचा तांब्याचा बंब माळ्यावर गेला, आणि मिक्सर आल्यावर पाटा-वरवंटा परसांतल्या तुळशीजवळ जाऊन बसला. त्यांत फारसें कांहीं बिघडलें नाहीं. ऊन पाणी बंबांतलें असो कीं गीझरचें, अंगावर घेतल्यावर तें सारखेंच. पण कांहीं जुन्या वस्तूंची गोष्ट निराळी असते. आमच्या आजोबांच्या पेटींत मोडी कागदांचें एक दप्तर होतें. कागद शाबूत, शाई ठळक. पण घरांतला मोडी वाचणारा शेवटचा माणूस गेला आणि त्या दिवसापासून तें दप्तर मुकें झालें. आज ज्या यंत्राविषयीं आम्ही चार शब्द लिहिणार आहों, तेंही असेंच एक वाचणारें आहे. लोक त्याला व्हीसीआर म्हणतात.

भारतांत १९८२ सालीं रंगीत दूरदर्शन सुरू झालें, आणि त्यानंतरच्या कांहीं वर्षांत गांवोगांवचे फोटोग्राफर खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन मांडवांतून हिंडूं लागले. त्या काळांत ज्यांच्या घरीं लग्नें-मुंजी झाल्या, त्यांच्या कपाटांत पोथीएवढ्या आकाराच्या दोन-चार काळ्या कॅसेटी बहुधा असतीलच. आमच्या पुतण्याची मुंज १९८९ च्या वैशाखांत झाली. आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांत सारे दादा म्हणत, ते त्या कार्याचे यजमान होते. पुढें पांचच वर्षांनीं, १९९४ सालीं, दादा अकस्मात् गेले. त्यांचीं छायाचित्रें पुष्कळ आहेत. परंतु त्यांचा आवाज ज्यांत आहे अशी त्या मुंजीच्या कॅसेटींवांचून घरांत दुसरी वस्तु नाहीं. यंदा त्या वेळच्या बटूच्या मुलाची मुंज ठरली, आणि वहिनी एके दिवशीं म्हणाल्या, "भावजी, ती मुंजीची कॅसेट लावतां येईल का हो? मुलाला त्याचे आजोबा दाखवावे म्हणतें."

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. २०१२ सालीं घरांत भिंतीवरचा चपटा टीव्ही आला, तेव्हां व्हीसीआर मोडींत घालावा असें आम्हींच सुचविलें होतें. "आतां ह्याचा उपयोग काय?" असें म्हणून दाराशीं आलेल्या भंगारवाल्याच्या तराजूंत आम्हीं तो ठेवलाही होता. वहिनींनीं कांहीं न बोलतां तो उचलला, आमच्या आईच्या एका जुन्या लुगड्यांत गुंडाळला आणि माळ्यावर नेऊन ठेवला. तीस वर्षें मुलांना विवेक शिकविणाऱ्या आम्हांस त्या दिवशीं विवेक सुचला नाहीं. तो वहिनींना सुचला. त्या चुकीची भरपाई म्हणून ह्या खेपेस सर्व खटपट आम्हीं अंगावर घेतली. तींत जें शिकलों, तें वाचकांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें देत आहों.

प्रथम कॅसेट पाहावी. हा क्रम मुद्दाम सांगतों, कारण घाईनें बहुतेक जण यंत्राला आधीं वीज जोडतात. कॅसेटीच्या पारदर्शक खिडकींतून फितीचें वेटोळें दिसतें. त्याच्या कडेवर पांढुरकी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी समजावी. आपल्याकडील पावसाळ्यांत बंद कपाटें ओल धरतात, आणि फितीवरील लेपांत बुरशीला खाद्य मिळतें. अशी कॅसेट यंत्रांत कधींही घालूं नये. तिची भुकटी यंत्राच्या हेडला लागते आणि पुढें लावलेल्या प्रत्येक कॅसेटीला ती बाधा जडते. आमच्याकडे मुंजीच्या दोन कॅसेटी होत्या. पहिली स्वच्छ निघाली. दुसरीवर पांढरी जाळी होती. ती आम्हीं निराळी बांधून ठेवली.

दुसरी काळजी अशी कीं, कॅसेटीच्या पाठीच्या एका कोपऱ्यास प्लॅस्टिकची एक लहान पट्टी असते, ती मोडून टाकावी. ती नसली म्हणजे यंत्र त्या फितीवर नवें कांहीं छापीत नाहीं, आणि कोणीं चुकून भलतें बटण दाबलें तरी मुंजीचे मंत्र पुसले जात नाहींत. तिसरी गोष्ट, यंत्र माळ्यावरून काढल्यावर त्यास एक-दोन दिवस कोरड्या खोलींत राहूं द्यावें, आणि पहिला प्रयोग एखाद्या नावडत्या कॅसेटीवर करावा. जुन्या यंत्रांतील रबरी पट्टे सैल पडलेले असतात, आणि असें यंत्र फीत गिळावयास कमी करीत नाहीं. गिळावयाचीच असेल तर त्यानें जुना हिंदी चित्रपट गिळावा. तो निर्धोक पार पडला म्हणजे मग घरची कॅसेट घालून ती एकदां शेवटपर्यंत पुढें व पुन्हां आरंभापर्यंत मागें गुंडाळून घ्यावी. वर्षानुवर्षें एकावर एक बसलेले फितीचे वेढे त्यानें मोकळे होतात.

आतां जोडणीकडे वळूं. व्हीसीआरच्या पाठीवर गोल खोबणी असतात. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या बाजूच्या आवाजाची आणि तांबडी उजव्या बाजूच्या आवाजाची. त्यांचे दोन संच असतात, एकावर 'इन' व दुसऱ्यावर 'आउट' असें लिहिलेलें असतें. आपणांस यंत्रांतून बाहेर काढावयाचें आहे, म्हणून वायरी 'आउट'च्या खोबणींत बसवाव्या. हें सांगणें बाळबोध वाटेल. परंतु अंधाऱ्या कोपऱ्यांत वांकून हातानें चांचपतांना पहिली चूक येथेंच होते.

नव्या टीव्हीच्या पाठीवर मात्र ही तिरंगी मंडळी बहुधा दिसत नाहीं. तेथें एचडीएमआय नांवाची चपटी खोबण असते. तिचें प्रमाण २००२ सालीं ठरलें, आणि तिच्यांतून चित्र व आवाज दोन्ही आंकड्यांच्या रूपानें जातात. उलट व्हीसीआर १९७० नंतरच्या दशकांतला. व्हीएचएस ही पद्धति जपानांत १९७६ सालीं बाजारांत आली. त्याचें बोलणें आंकड्यांचें नव्हे. कमीजास्त होत जाणाऱ्या विजेच्या लाटेचें. दोघांची भाषा निराळी, म्हणून मध्यें दुभाष्या लागतो. तथापि दुभाष्या आणण्यापूर्वीं टीव्हीची पाठ व बाजू नीट न्याहाळावी. कांहीं टीव्हींना जुन्या पाहुण्यांकरितां एक चोरदार ठेवलेलें असतें. हिरव्या खोबणीला पिवळें कडें असेल तर पिवळी पिन तींत चालते. किंवा 'एव्ही' असें लिहिलेलें एक बारीक भोंक असतें, त्यांत एका टोंकास एक व दुसऱ्या टोंकास तीन पिना असलेली वायर बसते. ह्या वायरींतही सर्व कारखान्यांची रचना एक नसते. चित्राऐवजीं गुरगुर ऐकूं आली तर पिवळी, पांढरी व तांबडी ह्यांची अदलाबदल करून पाहावी. त्यानें कांहीं बिघडत नाहीं.

आमच्या टीव्हीला असें दार नव्हतें. म्हणून आम्ही बाजारांत गेलों आणि कांहीं शे रुपयांना दुभाष्याची डबी घेऊन आलों. सर्व जोडलें, पण पडदा काळा. वायरी काढून पुन्हां लावल्या, तरी काळाच. तासभर खटपट झाल्यावर ज्याची मुंज व्हावयाची तो चिरंजीव डबी हातांत घेऊन म्हणाला, "आजोबा, ह्यावरचा बाण उलटा आहे." खरोखरच तसें होतें. ह्या डब्या दोन जातींच्या असतात, एक जुन्याचें नवें करणारी व दुसरी नव्याचें जुनें करणारी, आणि दोन्ही दिसावयास जुळ्या बहिणी. दुकानदारानें "एकच तें" म्हणून दुसरी दिली होती आणि आम्हीं ती न वाचतां घेतली होती. कोठून निघावयाचें तें अपादान आणि कोठें पोंचावयाचें तें कर्म, हा भेद जन्मभर फळ्यावर समजावून सांगणाऱ्या माणसास डबीवरची विभक्ति वाचतां आली नाहीं! वाचकांनीं डबीवर 'एव्ही टू एचडीएमआय' हेंच शब्द ह्याच क्रमानें आहेत, हें पाहूनच पैसे द्यावे. दुभाष्यालाही भूक असते, हेंही लक्षांत ठेवावें. त्याच्या बारीक यूएसबी वायरींतून त्याला वीज दिल्याशिवाय तो तोंड उघडीत नाहीं.

कोणती वायर चांगली, असें पुष्कळ जण विचारतात. त्याचें उत्तर व्याकरणाच्या भाषेंत सोपें होतें. चित्रांत दोन अंगें असतात, उजेड आणि रंग. पिवळ्या वायरींत दोन्हींचा संधि करून पाठवितात, आणि टीव्हीला पलीकडे पदच्छेद करावा लागतो. तो चुकला म्हणजे बारीक चौकड्यांवर किंवा जरीच्या काठावर मूळांत नसलेले रंग नाचूं लागतात. एस-व्हिडिओ ह्या चार कांट्यांच्या वायरींत उजेड व रंग आरंभापासून निराळे ठेवलेले असतात. डीव्हीडीच्या यंत्रांवर हिरवी, निळी व तांबडी अशी जी त्रयी आढळते, तींत रंगाचेही आणखी दोन भाग केलेले असतात. जितका विग्रह आधीं झालेला, तितका अर्थ स्वच्छ. म्हणून जुन्या यंत्रावर एस-व्हिडिओची खोबण असेल तर ती वापरावी, आणि दुभाष्याही तिला जागा देणारा निवडावा. पण त्यांतून चित्रच जातें, आवाजाच्या वायरी वेगळ्या लावाव्या लागतात. साध्या व्हीसीआरवर ही सोय क्वचित् असते. तेथें पिवळीवर समाधान मानावें.

चित्र दिसूं लागलें म्हणजे घरांत एकच गलका होतो, आणि पाठोपाठ तक्रारी सुरू होतात. आमच्याकडे पहिली तक्रार सौ.ची होती, "आपण सगळे तेव्हां इतके जाड होतों का?" तसें नव्हतें. जुनें चित्र चारास तीन ह्या प्रमाणाचें, आणि नवा पडदा सोळास नऊ ह्या प्रमाणाचा. पडदा भरावा म्हणून टीव्ही चित्र आडवें ताणतो. रिमोटवर चित्राच्या आकाराची निवड असते, तेथें 'चारास तीन' लावावें. दोहों बाजूंस काळ्या पट्ट्या राहतात, त्या राहूं द्याव्या; माणसें सडपातळ होतात. दुसरी तक्रार चित्राच्या अगदीं तळाशीं थरथरणाऱ्या एका पट्टीची. तोही बिघाड नव्हे. व्हीसीआरचें वाचन एका हेडवरून दुसऱ्यावर जातें तेथें ती उमटते; जुने कांचेचे टीव्ही चित्राच्या कडा चौकटीखालीं झांकीत, नवा टीव्ही सर्वच उघडें करून दाखवितो. मधूनमधून चित्रावर रेघा धांवत असतील तर व्हीसीआरचें 'ट्रॅकिंग' बटण सावकाश फिरवावें.

तिसरी तक्रार, चित्र धूसर कां? ह्याचें उत्तर खरें तेंच द्यावें. आपल्या पॅल पद्धतींतील जुन्या टीव्हीच्या ६२५ रेषांपैकीं ५७६ चित्राच्या कामीं येत, आणि व्हीएचएस फितींत त्यांतलाही बारकावा पुरता उतरत नसे. आडव्या दिशेनें सुमारें २४० रेषांइतकाच तपशील तींत मावतो. ३८४० बाय २१६० टिंबांच्या पडद्यावर तें पसरलें म्हणजे विरळ दिसणारच. दुभाष्याच्या डबीवर ७२० आणि १०८० असा एक खटका असतो. तो कोठेंही ठेवला तरी फितींत नसलेला तपशील निर्माण होत नाहीं. टीव्हीची 'शार्पनेस' वाढविली तर चेहऱ्यांपेक्षां दाणेच अधिक उठून दिसतात, म्हणून ती कमी करावी आणि दोन हात मागें सरून बसावें.

परगांवच्या कॅसेटींविषयीं एक सूचना. अमेरिकेंतील आप्तांनीं तिकडे घेतलेली फीत पाठविली असेल, तर ती पॅल नव्हे, एनटीएससी पद्धतीची असते. आपल्या साध्या व्हीसीआरवर ती काळी-पांढरी दिसेल किंवा मुळींच दिसणार नाहीं. त्यास दोन्ही पद्धति वाचणारें यंत्र लागतें. तसेंच तिकडचें ११० व्होल्टचें यंत्र आणून आपल्या २३० व्होल्टच्या भिंतींत खुपसूं नये; एका क्षणांत धूर निघेल.

आवाजाची गोष्ट आम्हीं शेवटीं ठेवली, कारण आम्हीही ती शेवटपर्यंत लांबणीवर टाकली होती. आमच्या व्हीसीआरला आवाजाची एकच खोबण, पांढरी. त्यामुळें आवाज डाव्याच बाजूनें आणि क्षीण येई. पुतण्या म्हणाला, "काका, चित्र दिसलें, पुरे झालें." आम्हांसही तसेंच वाटूं लागलें होतें. पण वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, आणि त्यांच्या न बोलण्याचा अर्थ आम्ही २०१२ सालीं एकदां चुकलों होतों. दुसऱ्या दिवशीं एकाचे दोन फांटे करणारी एक लहान पिन आणली, ती पांढऱ्या खोबणीस लावली, आणि दोन्ही फांटे दुभाष्याच्या पांढऱ्या व तांबड्या खोबणींत बसविले. पुतण्यानें दिवाणखान्यांत होम थिएटरचे कर्णे बसविले आहेत. टीव्हीचा आवाज त्यांत सोडला आणि साध्या दोन कर्ण्यांची निवड ठेवली. एकाच वाटेनें आलेल्या जुन्या आवाजाला पांच दिशांना फिरविण्यांत अर्थ नसतो, उलट बोलणें पोकळ होतें. ओठ व शब्द जुळत नसतील तर टीव्हीच्या यादींतील खेळांकरितां असलेली 'गेम' ही निवड लावावी. त्यानें चित्र कमी रेंगाळतें.

त्या सायंकाळीं दिवेलागणीनंतर सर्व मंडळी बसली. मातृभोजन झालें, भिक्षावळ झाली, मग पंगत आली. सोवळें नेसलेले दादा पंगतींतून फिरत होते, हाक मारमारून जिलबी वाढवीत होते. चिरंजीव पडद्याजवळ जाऊन त्यांचा चेहरा निरखीत होता. इतक्यांत दादा कॅमेऱ्याकडे पाठ करून माजघराच्या दाराकडे वळले आणि म्हणाले, "अग, तुम्ही बायकामंडळी जेवलांत का?" गर्दींत उत्तर आलें नाहीं, वाढपी मध्यें आला आणि चित्र पुढें गेलें. वहिनी म्हणाल्या, "भावजी, जरा मागें न्या." आम्हीं फीत मागें नेली. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "हें मला त्या दिवशीं ऐकूंच आलें नव्हतें हो." पुढें बराच वेळ कोणी बोललें नाहीं. फीत चालू होती.

ह्या प्रसंगानंतर आम्हीं जें ठरविलें, तेंच वाचकांस आग्रहानें सांगावयाचें आहे. जुनें यंत्र नव्या पडद्यास जोडणें हें अर्धें काम. उरलेलें अर्धें म्हणजे त्याच बैठकींत नक्कल करून ठेवणें. व्हीसीआर बनविणारा शेवटचा कारखाना, जपानांतील फुनाई ह्या कंपनीचा, २०१६ च्या जुलैंत तें काम थांबवून बसला. आज चालणारें प्रत्येक यंत्र जुनें आहे, त्याचें हेड झिजत आहे, आणि फीतही दर खेपेस थोडी झिजते. म्हणून पाहण्याचा आनंद वारंवार घेण्यापूर्वीं नक्कल करावी. त्यासाठीं यूएसबीची एक लहान डबी मिळते, ती व्हीसीआर व संगणक ह्यांच्यामध्यें बसते. सेकंदास ८० लक्ष बिट ह्या बेतानें उतरविलें तर एका तासाच्या चित्रास सुमारें साडेतीन जीबी जागा लागते. तीन तासांची मुंज एका साध्या पेन ड्राइव्हवर सहज मावते. जुन्या फितीची चाल डगमगती असली म्हणजे मात्र ही डबी गोंधळते व चित्र तुटतें. तें सांवरणाऱ्या यंत्रास टाइम बेस करेक्टर म्हणतात. मोलाची कॅसेट असेल तर असें यंत्र बाळगणाऱ्या कारागिराकडेच द्यावी. नक्कल झाल्यावर ती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावी, आणि मूळ कॅसेट पुस्तकासारखी उभी, कोरड्या जागीं, कर्ण्यांच्या लोहचुंबकापासून दूर ठेवावी. टाकून देऊं नये.

आणखी एक काम आहे, त्याला कोणतीच वायर लागत नाहीं. आम्ही हल्लीं रोज संध्याकाळीं अर्धा तास वहिनींच्या शेजारीं वही घेऊन बसतों. नक्कल थांबवीत थांबवीत त्या सांगतात, आणि आम्ही लिहितों. ही पगडीवाली व्यक्ति कोण, ती मोरपंखी शालू नेसलेली कोण, पंगतींत तिसऱ्या पानावरचा मुलगा कोणाचा. पहिल्याच दिवशीं एकवीस नांवें अशीं निघालीं कीं, तीं घरांत वहिनींखेरीज कोणासही ठाऊक नव्हतीं. मोडीच्या दप्तराची आठवण आम्हांस त्या वेळीं झाली. यंत्र चित्र वाचून दाखवील, पण माणसांचीं नांवें वडीलधाऱ्यांवांचून कोण वाचणार? ज्यांच्या घरीं अशीं माणसें आहेत त्यांनीं कॅसेटीपेक्षांही ह्या वहीची घाई करावी.

बुरशी धरलेली दुसरी कॅसेट पुण्यास एका कारागिराकडे दिली आहे. ती हातानें उघडून, फीत पुसून, दुसऱ्या खोक्यांत घालावी लागेल, आणि तरीही किती वाचेल तें सांगतां येत नाहीं, असें त्यांनीं आरंभींच स्पष्ट केलें. वहिनी दर चार दिवसांनीं विचारतात, "भावजी, पुण्याहून कांहीं कळलें का?" कळलें म्हणजे ह्या सदरांत लिहूंच. तोंपर्यंत वाचकांनीं आपलें कपाट उघडून पाहावें.